चावी कोणाच्या हातून घ्यायची?



ज्या मास्तरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांची एक सवय त्यांच्या विद्यार्थ्यांना अजून आठवते. बाजारातून छत्री आणा, घड्याळ आणा, नाहीतर पितळेचा गुंड आणा. पावतीवर नाव-पत्ता कोणाचा आहे, ते मास्तर मोठ्याने वाचायला लावत. वस्तू बिघडली तर जायचे कुठे, हे वस्तू घरात येण्याआधी ठाऊक असावे, असा त्यांचा आग्रह होता. मी पुढे वकील झालो, तीस वर्षे ग्राहकांच्या तक्रारी चालवल्या आणि जवळजवळ प्रत्येक कागदपत्रात मला तोच प्रश्न भेटला. जायचे कुठे? आजचे व्याख्यान त्याच प्रश्नाविषयी आहे. वस्तू तेवढी नवी आहे. विजेवर चालणारी गाडी.

विषय सांगितला तेव्हा संयोजकांपैकी एकाने आपुलकीने विचारले, "वकीलसाहेब, कार कंपनीने थेट विकावी की डीलरमार्फत, हा तर मुंबई-दिल्लीचा वाद. भंडाऱ्यात तो कशाला?" प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या टेस्ला कंपनीचे देशातले पहिले शोरूम १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उघडले. गाडीची किंमत तेव्हा साठ लाखांच्या घरात. तुमसरच्या बाजार समितीत धान विकणाऱ्या शेतकऱ्याचा त्या गाडीशी संबंध काय?

त्या गाडीशी नसेल. पण ती ज्या रीतीने विकली जाते, त्या रीतीशी आहे. मधे डीलर नाही, गाडी कंपनीच विकते, बुकिंग संकेतस्थळावर होते. हीच रीत साठ लाखांच्या कारला लागू आहे आणि लाख-सव्वा लाखाच्या स्कूटरलाही. एमएच-३६ ची पाटी लावलेल्या विजेच्या गाड्या आता आपल्या सातही तालुक्यांत दिसतात. त्यांची चावी कोणाच्या हातून घ्यायची, हा प्रश्न म्हणूनच इथलाही आहे.

माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो. तो मोहाडी तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि नोकरीला भंडाऱ्यात येतो. दोन वर्षांपूर्वी त्याने विजेची स्कूटर घेतली. कुठून? मोबाइलवरून. कंपनीचे नाव घेत नाही. हा खटला नव्हे. पैसे भरले, कर्ज मंजूर झाले आणि बाराव्या दिवशी टेम्पो थेट दारात उभा राहिला. वहिनीने गाडीला हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. मधे दुकानदार नाही. विमा आमच्याकडूनच काढा, सीटकव्हर घ्याच, हॅंडलिंगचे एवढे वेगळे द्या, असली घासाघीस नाही. पोरगा खूश होता आणि त्याचे खूश होणे बरोबर होते, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आठ महिन्यांनी, रोवणीच्या दिवसांत, संध्याकाळी पाऊस सुरू असताना स्कूटरच्या पडद्यावर लाल अक्षरांत कसलासा कोड उमटला आणि गाडी जागीच थांबली. मागचे चाक फिरेना. बांधीतून घरी निघालेल्या दोन बायांनी हात लावला, तेव्हा कुठे ती रस्त्याच्या कडेला आली. दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या मेकॅनिकला बोलावले. पंचवीस वर्षे हा माणूस फटफट्या दुरुस्त करतो. इंजिनाचा आवाज ऐकून वॉल्व्ह गेला की पिस्टन, ते सांगतो. त्याने सीट उचलली, खालचा डबा पाहिला. डब्याला सील होते आणि सीलवर लिहिले होते की उघडल्यास वॉरंटी रद्द. त्याने फडक्याला हात पुसले आणि मागे घेतले. त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त लागले ते त्याने मागे घेतलेले हात.

मग ॲपवर तक्रार, तक्रारीला नंबर, फोनवर यंत्राचा आवाज. सर्व्हिस सेंटर नागपूरला. टेम्पो भाड्याने करून गाडी नेली, ती सव्वा महिन्याने परत आली. तोवर पोरगा एसटीने आणि कोणाकोणाच्या मागे बसून कामावर गेला. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जात होता. मी त्याच्याकडून बिल मागवून घेतले आणि मास्तरांच्या सवयीने खालचा पत्ता वाचला. परराज्यातल्या एका शहराचा होता.

आता कोणी म्हणेल, त्यापेक्षा आपला डीलर बरा. थांबा. डीलरकडची दुःखेही मी जवळून पाहिली आहेत. चिखलणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडतो. डीलर म्हणतो, दोष कंपनीचा. कंपनी म्हणते, डीलरने नीट सर्व्हिसिंग केले नाही. शेतकरी दोघांच्या मधे उभा, आणि तिकडे पऱ्हे पिवळे पडत चाललेले. बिलावर दोन-दोन पत्ते, आणि दार एकही उघडत नाही. म्हणून थेट विक्री चांगली की डीलर चांगला, असा सरळ निवाडा मी करणार नाही. कायद्याने या दोघांना कुठे उभे केले आहे, ते आधी पाहू.

विक्रीच्या तीन रीती आहेत, आणि त्या समजायला आपल्याला बाजार समितीपलीकडे जायला नको. पहिली व्यापाऱ्याची. तो स्वतःच्या पैशाने माल विकत घेतो, गोदामात भरतो आणि नफा ठेवून विकतो. गाड्यांचा नेहमीचा डीलर असा असतो. त्याच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्या त्याने बॅंकेचे कर्ज काढून कंपनीकडून घेतलेल्या असतात. दुसरी अडत्याची. माल मालकाचाच राहतो, अडत्या गिऱ्हाईक जुळवतो आणि अडत घेतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये मर्सिडीज-बेंझने भारतात हीच रीत आणली. चाकणला कारखाना असलेल्या या कंपनीने गाड्यांचा साठा स्वतःकडे ठेवला, किंमत देशभर एक केली, बिल कंपनीचे झाले आणि जुने डीलर कमिशनवर काम करू लागले. तिसरी रीत शेतकऱ्याने स्वतःच्या हातगाडीवर माल विकण्याची. टेस्लाची रीत ती.

या तिन्हींपैकी कोणती कायदेशीर? भारतात तिन्ही. अमेरिकेत तसे नाही, आणि का नाही ते ऐकण्यासारखे आहे.

१९२० मध्ये अमेरिकेत मंदी आली. हेन्री फोर्ड यांच्या डोक्यावर मोठे कर्ज होते आणि गिऱ्हाईक नव्हते. त्यांनी मॉडेल टी गाड्या सरळ डीलरांकडे रवाना केल्या. मागितल्या नसतील तरी घ्या, पैसे रोख भरा, नाहीतर एजन्सी सोडा. गावोगावचे डीलर आपापल्या बॅंकांत गेले, कर्ज काढले आणि ते पैसे फोर्डकडे पोचले. कंपनीचे संकट असे डीलरांच्या गळ्यात उतरले. महामंदीत आणि नंतरही कंपन्यांनी ही दांडगाई चालूच ठेवली. तेव्हा डीलर संघटित झाले, राज्याराज्यांच्या विधिमंडळांत गेले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनने सुरुवात केली. १९५६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून डीलरला कंपनीविरुद्ध थेट न्यायालयात जाण्याचा हक्क दिला. बहुतेक राज्यांनी नियम केला की कंपनीने मनात आले म्हणून डीलर काढू नये, आणि त्याच्या शेजारी स्वतःचे दुकान थाटून त्याला बुडवू नये.

हे कायदे चुकीचे होते का? माझ्या मते मुळीच नव्हते. दुबळ्याच्या बाजूने उभे राहणे हे कायद्याचे कामच आहे, आणि तेव्हा दुबळा डीलर होता.

मग टेस्ला आली. तिला डीलर नव्हतेच, त्यामुळे कोणाला बुडवण्याचा प्रश्नही नव्हता. तरी अनेक राज्यांत डीलरांच्या संघटनांनी तेच जुने कायदे पुढे केले. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की हा कायदा डीलरला त्याच्या स्वतःच्या कंपनीपासून वाचवण्यासाठी आहे, दुसऱ्या कंपनीच्या स्पर्धेपासून वाचवण्यासाठी नाही. वकील म्हणून मला तो निकाल फार नेटका वाटतो. पण त्याच वर्षी मिशिगनने कायदा उलट कडक केला. ते भांडण मिटायला २०२० उजाडले. टेक्सासमध्ये तर टेस्लाचा प्रचंड कारखाना आहे. ऑस्टिनजवळ गाडी तयार होते, पण तिथल्या माणसाला ती तिथल्या दुकानात विकण्याची मुभा कंपनीला नाही. इंटरनेटवर मागवायची आणि कागदोपत्री व्यवहार राज्याबाहेरचा दाखवायचा.

सगळ्यांत बोलकी गोष्ट न्यू मेक्सिकोची. तिथेही कंपनीच्या थेट विक्रीला आणि सर्व्हिस सेंटरला बंदी. टेस्ला गाडीच्या मालकांना दुरुस्तीसाठी दुसऱ्या राज्यात जावे लागे. २०२१ मध्ये सांता फे शहराच्या उत्तरेला नांबे पुएब्लो या आदिवासी समाजाच्या जमिनीवर, बंद पडलेल्या एका जुगारघराच्या इमारतीत टेस्लाने सेंटर उघडले. आदिवासींची जमीन स्वायत्त, राज्याचा डीलर कायदा तिथे चालत नाही. विचार करा. राज्य आपल्या नागरिकाला जी दुरुस्ती घराजवळ मिळू देत नव्हते, ती त्याच राज्यातल्या मूळ रहिवाशांनी आपल्या जमिनीवर मिळवून दिली. गोंदिया-गडचिरोलीच्या आदिवासी भागाशेजारी राहणाऱ्या आपल्याला यात बरेच काही दिसायला हवे.

डीलर विजेच्या गाडीला का घाबरतात, याचेही एक कारण सांगून ठेवतो. डीलरचे घर गाडीच्या विक्रीपेक्षा सर्व्हिसिंगवर आणि सुट्या भागांवर चालते. ऑइल बदलणे, फिल्टर, क्लचप्लेट, सायलेन्सर. विजेच्या कारला यातले जवळजवळ काहीच नाही. गिअरबॉक्सही नेहमीचा नाही. आपल्या लाखनी तालुक्यात गडेगावला अशोक लेलॅंडचा कारखाना आहे, गिअरबॉक्स ही त्याची ओळख. या जिल्ह्यातल्या किती घरांची चूल त्या दातेरी चाकांवर पेटली, ते तुम्हाला मी सांगायला नको. विजेची मोटर आली की कोणाच्या हातातले काम जाणार, हे आपण पुस्तकात वाचलेले नाही. आपल्या महामार्गावर उभे राहून पाहतो आहोत. म्हणून डीलरच्या भीतीची मी थट्टा करणार नाही. ती भीती खरी आहे.

आता आपल्याकडे या.

उत्पादकाने गाडी स्वतः विकू नये, असे आपल्या मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. परदेशी कंपनीलाही एकाच ब्रॅंडच्या किरकोळ विक्रीत शंभर टक्के गुंतवणुकीची वाट २०१२ मध्ये मोकळी झाली, अर्थात अटींसह. २०१९ मध्ये तर सरकारने आधी इंटरनेटवर विक्री सुरू करून दुकान नंतर उघडायलाही मुभा दिली. म्हणजे थेट विक्रीच्या रस्त्यात डीलर कायद्याचे फाटक आपल्याकडे नाही.

पण एक फाटक आहे. त्याचे नाव ट्रेड सर्टिफिकेट. नोंदणी न झालेली गाडी विक्रीसाठी ठेवायची, चाचणीला रस्त्यावर काढायची, गिऱ्हाईकाला चालवून पाहू द्यायची, तर आरटीओकडून हा दाखला घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने याचे नियम बदलले. दाखला उत्पादक, आयातदार, अधिकृत डीलर आणि चाचणी संस्था यांनाच मिळेल, डीलरला कंपनीचे अधिकारपत्र जोडावे लागेल, आणि मुदत वर्षाऐवजी पाच वर्षांची असेल. त्याआधी २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली होती. नवी गाडी डीलरच्याच राज्यात नोंदायची असेल तर नोंदणीचा अर्ज डीलरने करायचा. न केल्यास दंड त्याला. नीट पाहा, आपल्या कायद्यात डीलर आला तो असा. गाडी नोंदवणारा हात म्हणून. त्याचे रक्षण करणारे कलम कुठेच नाही.

हे फाटक किती जड आहे, ते २०२५ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या ओला इलेक्ट्रिकने २०२१ मध्ये सुरुवात केली ती मोबाइलवर विक्री आणि घरपोच गाडी अशी. पुढे लोकांना गाडी हात लावून पाहायची असते हे उमगले. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने देशभरात एकाच दिवसात तीन हजारांहून अधिक दुकाने उघडून संख्या चार हजारांवर नेली. दुकाने कंपनीची स्वतःची. मग तपासणी झाली आणि अनेक शोरूमकडे ट्रेड सर्टिफिकेटच नाही असे आढळले. परिवहन विभागाने नोटिसा काढल्या, गाड्या जप्त केल्या, दुकाने बंद करायला लावली. कोणी म्हणाले, जुन्या डीलरांनी नव्या कंपनीला अडवले. मला ते पटत नाही. नियम साधा होता, सगळ्यांना सारखा होता, आणि रस्त्यावर उतरणारी प्रत्येक गाडी कोणाच्या तरी नावावर जबाबदारीची असावी, एवढाच त्याचा अर्थ होता.

पण या नियमात एक मोठी उणीव आहे. ट्रेड सर्टिफिकेट विचारते की तुमचे दुकान कुठे आहे. तुमची दुरुस्ती कुठे आहे, हे ते विचारत नाही. दाखला घेऊन चकचकीत शोरूम उघडता येते आणि पाना-स्क्रूड्रायव्हर नागपूरला ठेवता येतो. पुतण्याची स्कूटर सव्वा महिना अडकली ती या उणिवेत.

डीलरचे काय? त्याला आपल्याकडे कोणते छत्र आहे? ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. डीलरांच्या देशव्यापी महासंघाने तेव्हा सांगितले की सुमारे १७० डीलरांचे २,००० कोटी रुपये त्या शोरूममध्ये गुंतले आहेत आणि ४०,००० माणसे कामाला आहेत. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या डीलरांवर जे बेतले, ते पुन्हा त्याच नावाच्या कंपनीकडून इथल्या डीलरांच्या वाट्याला आले. जनरल मोटर्सने २०१७ मध्येच इथली विक्री थांबवली होती. डीलरांच्या संरक्षणासाठी कायदा करावा अशी मागणी तेव्हापासून आहे, संसदेच्या समितीनेही तशी शिफारस केली आहे. कायदा झालेला नाही. तो व्हावा असे मला वाटते. पण एक अट घालून, ती पुढे सांगतो.

त्याआधी आपल्या घरचे एक प्रकरण. २०१७ मध्ये स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ई-मेल आला. लिहिणारा स्वतःला मारुतीचा डीलर म्हणवत होता, आणि तक्रार होती मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्राची. म्हणजे आपण त्यात आलो. आयोगाने चौकशी केली. कंपनीने ठरवून दिलेल्या सवलतीपेक्षा जास्त सवलत डीलरने गिऱ्हाईकाला द्यायची नाही, असा दंडक होता. तो पाळला जातो की नाही हे पाहायला गिऱ्हाईकाच्या वेषात माणसे शोरूममध्ये पाठवली जात, बोलणे रेकॉर्ड होई, आणि जास्त सवलत देणाऱ्या डीलरला दंड होई. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने कंपनीला २०० कोटींचा दंड ठोठावला. त्याविरुद्ध कंपनी अपिलात गेली. मला यातून एवढेच दाखवायचे आहे की मधे डीलर आहे म्हणून आपल्याला घासाघीस करता येते, हा आपला समज किती कच्चा असू शकतो. दुकान डीलरचे, पाटी डीलरची, आणि किमतीची दोरी कंपनीच्या मुठीत.

बजाज चेतकची आठवण इथे काढल्याशिवाय राहवत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीला चेतकचा नंबर लागायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि डीलरकडची बुकिंगची पावती कपाटात सोन्याजवळ ठेवलेली असे. २०२० मध्ये तेच नाव विजेवर परत आले, आधी पुणे आणि बंगळूरु, मग २०२१ च्या जुलैत नागपूर. बुकिंग इंटरनेटवर, पण गाडी डीलरकडून. म्हणजे मधली वाटही आहे.

आता अट सांगतो. कायदा डीलरला वाचवणारा असो की कंपनीला मोकळीक देणारा, त्यात तिसऱ्या माणसाचे कलम आधी हवे. तो तिसरा माणूस गाडीचे हप्ते भरतो. अमेरिकेत कायदा करताना हाच माणूस विसरला गेला आणि पुढे त्याला दुरुस्तीसाठी राज्य ओलांडावे लागले. आपल्याकडे कायदा अजून व्हायचा आहे, तोवर आपल्याला ही चूक टाळता येईल.

माझे म्हणणे असे. थेट विक्रीला बंदी नको. पण जी कंपनी एखाद्या जिल्ह्यात गाड्या विकते, तिने त्या जिल्ह्यात दुरुस्तीचे ठिकाण दाखवावे. स्वतःचे असो, डीलरचे असो, की प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक गॅरेजचे असो. ट्रेड सर्टिफिकेटच्या अर्जात हा पत्ता लिहायला लावा. कुठल्या आरटीओत कुठल्या कंपनीच्या किती गाड्या नोंदल्या, हे वाहन पोर्टलवर सरकारला रोज दिसते. म्हणजे माहिती नाही, ही सबब सरकारला उरलेली नाही. शिवाय महाराष्ट्र या गाड्यांवर आपला पैसा खर्च करतो आहे. एप्रिल २०२५ च्या धोरणात खरेदीला सवलत आहे, समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. हा पैसा मोहाडीच्या आणि लाखांदूरच्या माणसाच्या करातूनही येतो. मग सवलत घेणाऱ्या कंपनीला लाखांदूरच्या माणसाने विचारू नये का, की बाई, बाप्पा, माझी गाडी बिघडली तर जायचे कुठे?

हे होईपर्यंत हातात काय आहे? बरेच आहे, आणि ते लोकांना ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पूर्वी कंपनीचे कार्यालय किंवा शाखा जिथे असेल, किंवा व्यवहार जिथे झाला असेल, तिथे तक्रार करावी लागे. आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. कंपनीचा पत्ता कुठल्याही शहराचा असो, तक्रार भंडाऱ्यात चालेल आणि कंपनीला भंडाऱ्यात उत्तर द्यावे लागेल. मोबाइलवर गाडी विकणाऱ्यांच्या काळात याहून मोलाचे कलम दुसरे नाही. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली वस्तू जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करून ठेवा. त्या हेल्पलाइनवर ओलाविषयी एका वर्षात १०,६४४ तक्रारी आल्या, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या कंपनीला नोटीस काढली. बहुतेक तक्रारी सोडवल्या, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खरे की खोटे हा वेगळा भाग. पण नोटीस निघाली ती फोन उचलून तक्रार नोंदवणाऱ्या साध्या माणसांमुळे.

आणि फाट्यावरच्या मेकॅनिकचे काय? त्याच्या बाजूनेही कायदा बोललेला आहे. २०११ मध्ये एका माणसाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधायची उपकरणे फक्त स्वतःच्या डीलरांना देतात, बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड केला आणि सांगितले की सुटे भाग, उपकरणे आणि माहिती स्वतंत्र गॅरेजलाही मिळाली पाहिजे. दंडाचे भांडण वरच्या न्यायालयांत गेले, ते लांबले. पण तत्त्व सांगितले गेले आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी वेगळे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. विजेच्या गाडीत हा प्रश्न दसपट मोठा होतो, कारण तिथे कुलूप लोखंडाचे नसते, सॉफ्टवेअरचे असते. पाना असून चालत नाही, परवानगी लागते.

मागच्या आठवड्यात मी त्या फाट्यावर थांबलो होतो. दुकानात नवा मल्टीमीटर दिसला, जाड रबरी हातमोजे दिसले. भिंतीवर दोन वायरिंगची चित्रे, वहीच्या पानावर पेनाने काढलेली. रात्री दुकान बंद केल्यावर तो मोबाइलवर बॅटरीचे व्हिडिओ पाहतो. ई-रिक्षांची कामे आता बिनधास्त करतो. मला खुर्ची देऊन म्हणाला, "वकीलसाहेब, डबा खोलाले मले येते. पण आतलं कुलूप कम्प्युटरचं हाय. त्याची चावी कंपनी आपल्याले देईन का?"

मी त्याच्या वतीने अर्ज लिहिला आहे. तीन पानांचा झाला. एक प्रत कंपनीला, एक परिवहन आयुक्तांना, एक दिल्लीला ग्राहक खात्याला. सही त्याने काल केली, खाली दुकानाचा पूर्ण पत्ता घातला, तालुका-जिल्ह्यासकट. उद्या सकाळी पोस्ट उघडले की स्पीड पोस्टाने तिन्ही पाकिटे जातील.